हिवाळाभर न बोललेला माणूस

(डबिंग स्टुडिओ. काचेच्या अलीकडे तिघं बसले आहेत. काचेपलीकडे, माइकसमोरच्या उंच स्टुलावर, एक माणूस गप्प बसून आहे.)

बायको : …आणि ताई, अंगठ्यावर हातोडी बसली तेव्हासुद्धा नाही. खिळा ठोकत होते, हातोडी सटकली. मी आतून धावत आले, तर हे खोलीभर एका पायावर नाचतायत आणि तोंड घट्ट मिटलेलं. म्हटलं, आता तरी आई आठवेल. नाही आठवली.

दिग्दर्शिका : थांबा वहिनी, मला नीट कळू द्या. महिनाभर हा बोललाच नाही?

बायको : महिना होत आला. तुम्ही फोन करून सांगितलंत ना, सिनेमाचा नायक तू म्हणून, त्या संध्याकाळी वरच्या मजल्यापासून खालच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे केला, तर ओठांवर बोटाने फुली मारली. तेव्हापासून हे असं.

दिग्दर्शिका : मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की सिनेमातल्या या माणसाने हिवाळाभर तोंड उघडलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द जरा विचार करून बोल.

रेकॉर्डिस्ट : केला त्याने विचार.

दिग्दर्शिका : मला वाटलं, घसा बसलाय. सकाळपासून नुसती मान हलवतोय. दोनदा गरम पाणी मागवलं मी.

रेकॉर्डिस्ट : मला वाटलं, माझ्यावर रागावलाय.

बायको : तुमच्यावर कशाला, दादा?

रेकॉर्डिस्ट : मागच्या सिनेमात त्याचं मरण कापलं मी. लांबलं होतं.

बायको : हो, ते घरी आलं होतं. दोन दिवस जेवताना तेच. छपरावरून पडणारा माणूस इतक्या लवकर जमिनीवर पोचतो होय, म्हणून मलाच विचारत होते. मी काय सांगणार? मी दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. आमच्याकडे कोणी छपरावरून पडून येत नाही.

दिग्दर्शिका : इतकी वर्षं मी याला मारतच आलेय, वहिनी. छपरावरून पडणारा हा, घोड्यावरून पडणारा हा, गर्दीत ‘पळा, पळा’ ओरडणारा हा. नायक कोणीही असो, मरायला आमचा रेडिओ. आणि दोन मरणांच्या मधे आम्हाला चहा पिऊ देत नाही इतका बोलतो. उगाच नाही नाव पडलं.

बायको : रेडिओ म्हणता ना तुम्ही यांना. मला आवडतं ते. मी घरी मनातल्या मनात म्हणते.

रेकॉर्डिस्ट : सिनेमातही सुरुवातीलाच त्या माणसाचा रेडिओ बंद पडतो.

बायको : आमचाही त्याच आठवड्यात पडला. दादा, त्यांना आपलं ऐकू येतं का हो तिकडे?

रेकॉर्डिस्ट : नाही. हे बटण दाबलं, तरच.

बायको : मग बोलते मोकळेपणाने. पहिले काही दिवस घर खायला उठलं. शेजारणीला वाटलं, आमचं भांडण झालंय. रोज एक वाटी काहीतरी घेऊन समेट घडवायला यायची. नणंदेने फोन केला, तर मी फोन यांच्या कानाला लावला आणि कणीक मळायला बसले. अर्ध्या तासाने नणंद मला म्हणते, अगं, दादाशी आज इतक्या छान गप्पा झाल्या, लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य त्याच्यापुढे पुरं झालं नव्हतं. आणि माझी आई. तिला काहीच माहीत नाही. दोन दिवस राहून गेली, जाताना म्हणाली, जावईबापू आता शोभतात हो.

दिग्दर्शिका : कागदावर तरी लिहून सांगायचा का?

बायको : छे. डोंगरावर कागद कुठला, असं असणार मनात. सगळं खुणांनी. बेसिनचा नळ गळत होता, तर नळवाल्यापुढे स्वतःच नळ झाले. तो बिचारा डॉक्टर बोलवायला निघाला होता. आज मी आले तीसुद्धा त्यासाठीच. टॅक्सीवाल्याला पत्ता कोण सांगणार? म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

रेकॉर्डिस्ट : सकाळी पाहिलं मी. तुम्ही सांगत होता, तो मान डोलवत होता.

बायको : बघा. दिवसभर मी तोंड उघडं टाकून न बोलणारी माणसं बघते. घरी गेले की तोंड मिटून न बोलणारा. शेवटी मीच बोलायला लागले. माझ्याकडे एवढं असेल असं मलाच माहीत नव्हतं. ताई, हे पडद्यावर काय चाललंय? बर्फ आहे का आभाळ?

दिग्दर्शिका : खालचं बर्फ, वरचं आभाळ. मधे काळा ठिपका दिसतोय ना, तो आपला नायक.

बायको : तो? मुंगीएवढा?

रेकॉर्डिस्ट : होतो मोठा. हळूहळू.

बायको : आणि गोष्ट काय?

दिग्दर्शिका : गोष्ट पोस्टकार्डावर मावेल. डोंगरावर एकटा राहून हवामान मोजणारा माणूस. त्याला खाली न्यायला माणसं यायची असतात, ती येत नाहीत. बर्फ लवकर पडतं, शिधा संपत येतो. तो चालायला लागतो. चालत चालत समुद्रापर्यंत पोचतो. संपला सिनेमा.

बायको : वाटेत कोणी भेटत नाही?

दिग्दर्शिका : एक मासा भेटतो.

बायको : मासा?

दिग्दर्शिका : गोठलेलं तळं आहे. पायाखालचं बर्फ काचेसारखं. हा वरून चालतो आणि खालून एक मासा, बरोबर याच्या पावलांखाली, पार पलीकडच्या काठापर्यंत याच्यासोबत जातो. वर हा, खाली तो. अजून कितीदा बघितलं तरी मला वाटतं, काठ येऊ नये.

रेकॉर्डिस्ट : काठावर तो बर्फाला भोक पाडतो. आणि खातो माशाला.

दिग्दर्शिका : तेही आहे.

बायको : खाणारच. उपाशी आहे तो. अगंबाई, हे बघा, गुलाबी झालं सगळं. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं. आता काही कोणी बोलू नये असं वाटतं.

दिग्दर्शिका : हे तुम्ही आमच्या वितरकाला सांगा. मी त्याला हाच प्रसंग दाखवला. तो म्हणाला, ताई, कॅलेंडर छान आहे, पण कॅलेंडर बघायला तिकीट कोण काढतं? म्हणाला, नायक बोलला पाहिजे. मी म्हटलं, मूळ सिनेमात तो बोलत नाही. तर म्हणाला, मग पाठी कशाला आहेत?

बायको : कसल्या पाठी?

दिग्दर्शिका : आमच्या धंद्यातली जुनी वहिवाट आहे. पडद्यावर माणसाचं तोंड दिसत असेल, तर त्याच्या ओठांबाहेर जाता येत नाही. ओठ मिटले की तुम्हीही मिटायचं. पण माणूस पाठमोरा झाला की रान मोकळं. वाटेल ते बोलवून घ्या त्याच्याकडून. गोष्ट कळत नसेल, पाठीत घाला. विनोद कमी पडला, पाठीत घाला.

रेकॉर्डिस्ट : पाठ दिसली की ओळ टाका.

दिग्दर्शिका : आणि हा माणूस अर्ध्याहून जास्त सिनेमा आपल्याकडे पाठ करून चालतो. उरलेल्यात तोंडावर मफलर. वितरकाला तर कुरणच मिळालं. त्याने पानंच्या पानं लिहून आणली. ‘हे हिमशिखरांनो, मी हार मानणार नाही.’ कडा चढताना एक, कडा उतरताना एक. माशालासुद्धा सोडलं नाही.

बायको : मासा बोलतो?

दिग्दर्शिका : मासा नाही, नायक त्याच्याशी बोलतो. ‘मित्रा, या जगात तुझंही कोणी नाही का?’

बायको : आणि मग खातो?

दिग्दर्शिका : मग खातो.

बायको : मित्र म्हणून?

रेकॉर्डिस्ट : त्या जागी वितरकांनी संगीत सुचवलंय.

दिग्दर्शिका : मला वाटलं होतं, रेडिओ खूश होईल. सगळा सिनेमाभर त्याचाच आवाज, आणि एकदाही मरायचं नाही. मी पानं घरी पाठवली. त्याने तशीच परत केली. एक फोन नाही, एक शब्द नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बायको : ती पानं होय. मी म्हटलं, हे वाचून यांचं मौन सुटणार. हे वाचत बसले, तुम्ही दिलेली सिनेमाची प्रत मोबाइलवर लावून बघितली, परत वाचलं, आणि पानं पाकिटात घालून माझ्याकडे दिली. चेहरा असा, की भाजीत केस निघालाय.

दिग्दर्शिका : वितरक म्हणाला, हा बोलत नसेल तर घुमटाला बोलवा.

बायको : घुमट कोण?

रेकॉर्डिस्ट : मोठ्या आवाजाचे आहेत एक. ‘मीठ द्या’ म्हणाले तरी राज्याभिषेक वाटतो.

दिग्दर्शिका : घुमट उद्या सकाळी मोकळा आहे, पानं त्याच्याकडे गेलीसुद्धा. मी भांडले, वहिनी. म्हटलं, सगळा सिनेमा गप्प राहू दे आणि शेवटचा तेवढा शब्द ऐका. तो ऐकून वाटलं, की या माणसाने आधी काही बोलायला हवं होतं, तर उद्यापासून घुमट. तसं नाही वाटलं, तर नायक रेडिओ आणि पाठी रिकाम्या. वितरक म्हणाला, ठीक, आज संध्याकाळपर्यंत फोनवर ऐकवा. धाप, कुडकुडणं, चढावरचे श्वास, सगळं सकाळी करून घेतलं. श्वासाला आवाज लागत नाही, त्यामुळे याने तेही न बोलता उरकलं. आता तो शब्द राहिलाय.

बायको : आहे तरी काय शब्द?

दिग्दर्शिका : शेवटी तो समुद्राकाठी पोचतो. एक कोळीण उलटी बसून जाळं सोडवतेय. तिला पाठीमागे पावलं ऐकू येतात. वर न बघता ती विचारते, ‘कोण?’ आणि हा म्हणतो, ‘मी.’

बायको : मी?

दिग्दर्शिका : मी. बास.

बायको : एवढ्यासाठी महिना? मला वाटलं, निदान वाक्य असेल.

रेकॉर्डिस्ट : ओठ एकदा मिटतात. एकदा उघडतात. तेवढीच जागा.

दिग्दर्शिका : वितरकाला तिथे ‘मी मृत्यूला हरवून आलोय’ हवं होतं. ओठांनी वाचवलं आपल्याला. पण खरं सांगू का वहिनी, मला तोच शब्द हवा आहे. तो माणूस तिला ओळखत नाही, ती त्याला ओळखत नाही. तरी तो नाव सांगत नाही, वाचवा म्हणत नाही. बाजारातून घरी आल्यासारखा म्हणतो, मी. तेवढं जमलं तर मागचे सगळे डोंगर बोलतात. नाही जमलं, तर ते कॅलेंडरच.

बायको : मग अवघड आहे हो.

दिग्दर्शिका : का?

बायको : अहो, हा शब्द हे रोज दारात म्हणतात. मी आतून विचारते, कोण? आणि बाहेरून कधी राजा उत्तर देतो, कधी दरोडेखोर, कधी शंभर वर्षांचा साधू. एकदा इन्स्पेक्टर आला, तर समोरच्यांनी आपलं दार लावून घेतलं. गंमत वाटते, नाही असं नाही. पण इतक्या वर्षांत हे स्वतः म्हणून कधी घरी आलेच नाहीत.

दिग्दर्शिका : हीच भीती आहे मला. बारीकसारीक भूमिका करणाऱ्याचं असं होतं. प्रत्येकाला आवाज देतो, स्वतःचा घरी राहतो. नेहमीसारखं असतं, तर वीस टेक घेऊन एकेक थर काढला असता मी. पण महिन्याने तोंडातून निघणारा पहिला शब्द एकदाच निघतो. दुसऱ्या टेकला तो दुसरा शब्द.

बायको : ताई, एक सांगू? तुमच्यातच ठेवा.

दिग्दर्शिका : सांगा.

बायको : तो पहिला नाहीच आहे.

दिग्दर्शिका : म्हणजे?

बायको : हे झोपेत बोलतात. पहिल्याच रात्री सुरू झालं. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं अंथरुणात. नळवाल्याला जे सांगायचं होतं ते, नणंदेला उत्तरं, वॉचमनशी हवापाण्याच्या गप्पा. एका रात्री तर तिघांचे आवाज काढले. यांना पत्ता नाही. सकाळी उठून परत ओठांवर फुली, चेहरा असा गंभीर, की मला उशीत तोंड खुपसून हसावं लागायचं. सांगायचं कसं? एवढी हौसेने चालवलेली गोष्ट.

रेकॉर्डिस्ट : ताई.

दिग्दर्शिका : थांब जरा.

रेकॉर्डिस्ट : ताई, लाल दिवा.

दिग्दर्शिका : कसला?

रेकॉर्डिस्ट : बटणाचा. माझं कोपर होतं त्यावर.

बायको : म्हणजे त्यांना…

रेकॉर्डिस्ट : राजा-दरोडेखोरापासून. बहुतेक.

दिग्दर्शिका : तुला इतक्या वर्षांत कधी कोपर ठेवायला दुसरी जागा मिळाली नाही का रे?

रेकॉर्डिस्ट : तो एरवी इतका बोलतो, की बटण दाबायची वेळच येत नाही. विसरलो, की ते चालतं.

बायको : अहो, ते उठले बघा. हेडफोन काढून ठेवले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेत.

रेकॉर्डिस्ट : पाठ दिसली. ओळ टाका.

दिग्दर्शिका : आत्ता गंमत नको. वहिनी, हे बटण दाबा आणि बोला त्याच्याशी. आतल्या स्पीकरवर ऐकू जाईल. मी बोलले तर ते कामाचं वाटेल, तुम्ही बोललात तर काहीतरी होईल.

बायको : काय बोलू? मीच तर घाण केली.

दिग्दर्शिका : पुढचं सांगा. तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, अजून आहे.

बायको : अहो. ऐकताय ना? इकडे बघू नका हवं तर. मी हसले, ते खरं आहे. पण तुम्ही अर्धंच ऐकलंत. ते सगळं सुरुवातीला. पुढे रात्रीचं बोलणं कमी झालं. आधी नणंद गेली, मग वॉचमन गेला. मग नुसतं पुटपुटणं. आणि हा गेला आठवडा तर काहीच नाही. मला जाग यायची. आज काय बोलतायत म्हणून मी ऐकत राहायची, आणि नुसता श्वास. एका रात्री तर तोही नीट ऐकू येईना. मी घाबरून तुमच्या नाकाखाली बोट धरलं. होता. तुम्ही खरंच गप्प झाला होता, अहो. आतून. मी साक्षीला आहे. दुसरं कोणी सांगू शकणार नाही, मी सांगते. बसा तुम्ही परत.

रेकॉर्डिस्ट : वळला.

दिग्दर्शिका : मी बघतेय.

रेकॉर्डिस्ट : नाक पुसतोय. तो आवाज झाला असता माइकमध्ये.

दिग्दर्शिका : पुसू दे. बसला. हेडफोन घातले. वहिनी, सोडा बटण. आता लगेच घेऊ, त्याला विचार करायला वेळ नको.

रेकॉर्डिस्ट : अडचण आहे.

दिग्दर्शिका : आता काय?

रेकॉर्डिस्ट : आवाजाचं माप. किती उघडा ठेवू माइक? दर वेळी पहिला टेक मी मापासाठी घेतो. तो फेकायचाच असतो. इथे पहिला फेकता येत नाही.

दिग्दर्शिका : याचा आवाज तू झोपेत ओळखशील.

रेकॉर्डिस्ट : मरतानाचा. हा नाही. जास्त उघडला आणि तो ओरडला, तर फाटेल. कमी ठेवला आणि तो पुटपुटला, तर गेला. वहिनी, तुम्हीच सांगा. किती मोठ्याने म्हणेल?

बायको : मी कसं सांगणार? मीही तो कधी ऐकला नाही.

रेकॉर्डिस्ट : अंदाजाने.

बायको : चेहरा बघते जरा. …ऐकू येईल न येईल असा. उघडा पूर्ण.

रेकॉर्डिस्ट : पूर्ण? पूर्ण उघडला तर भिंतीवरची पाल चालली तरी येईल.

बायको : मग पालीला थांबायला सांगा. उघडा.

दिग्दर्शिका : उघड. वहिनी, किल्ल्या मांडीवरून खाली ठेवा. माझा फोन गप्प केलाय. त्या कोळिणीचं ‘कोण’ तीन आठवड्यांपूर्वीच करून ठेवलंय, ते त्याला हेडफोनमध्ये मिळेल. आपण तिघांनी आता काही करायचं नाही. श्वाससुद्धा त्याच्यावर सोडा. चालव.

रेकॉर्डिस्ट : चालू.

कोळीण : कोण?

रेडिओ : मी.

बायको : बोललं तर चालेल का आता?

रेकॉर्डिस्ट : चालेल. थांबवलंय.

बायको : तिने वर बघितलं ना, जाळं हातातलं टाकून? तो शब्द ऐकून?

दिग्दर्शिका : ती दर वेळी बघते, वहिनी. सिनेमा आहे तो. पण आत्ता मलाही तसंच वाटलं. आलं का रे?

रेकॉर्डिस्ट : आलं.

दिग्दर्शिका : नीट?

रेकॉर्डिस्ट : शब्दाच्या आधी ओठ सुटल्याचा आवाज आलाय. कोरडे चिकटलेले ओठ. ते मला करून दाखव म्हटलं असतं, तर कोणाला जमलं नसतं. तो ठेवतो.

दिग्दर्शिका : ठेव. लाव फोन वितरकाला. नको, मीच लावते. हॅलो. हो. तयार आहे. मागचं एक मिनिट चालण्याचं पण ऐकवते, पावलं, वारा, आणि मग तो. तुमच्याकडे चित्र आहेच, ते समोर घ्या. काही विचारू नका, नुसतं ऐका. …चालव रे.

बायको : दादा, हळू विचारते. त्यांनी नाही म्हटलं तर?

रेकॉर्डिस्ट : तर माशाशी घुमट बोलेल.

दिग्दर्शिका : शू. झालं. हॅलो? …हॅलो?

बायको : ठेवला?

दिग्दर्शिका : नाही. आहेत. श्वास ऐकू येतोय. …हं. …नंतर लावीन, आधी ठरवा. …नाही, बदललेला नाही, आपला रेडिओच. …हो, तोच, छपरावरून पडणारा. …बरं. …मासा? …बरं. मी सांगते त्यांना.

बायको : काय म्हणाले?

दिग्दर्शिका : म्हणाला, पुन्हा एकदा लावता का. मी म्हटलं, नंतर लावीन, आधी ठरवा. मग म्हणाला, ताई, हा माणूस आधी काही बोलला असता तर मला हे असं झालं नसतं. घुमटाचं मी बघतो, त्याला पुढच्या सिनेमात राजा देतो. पाठी रिकाम्या ठेवा.

बायको : आणि मासा?

दिग्दर्शिका : मासाही रिकामा. फक्त त्याला पोस्टरवर घ्या म्हणाला.

रेकॉर्डिस्ट : मासा दिसायला चांगला आहे.

बायको : मी सांगू त्यांना? बटण कुठलं? हे ना? अहो, झालं. नायक तुम्ही. कोणी घुमट येत नाही उद्या. मी काय सांगते ते ऐका, आधी स्टुलावरून सांभाळून उतरा. …हे बघा, उतरले. आले.

दिग्दर्शिका : ये रे. दार ओढून घे. आता बोललास तरी चालेल. मौन संपलं तुझं.

रेडिओ : ताई, एकदा परत घेऊ या का? सेफ्टीला?

दिग्दर्शिका : बाहेर काढा याला.

रेकॉर्डिस्ट : आवाज वापरलेला आहे आता. घेऊन उपयोग नाही.

रेडिओ : नाही, म्हणजे सुरुवात जरा घाईची झाली, असं मला…

दिग्दर्शिका : महिनाभर थांबलास आणि घाईची झाली म्हणतोस? जा घरी. उद्या काम नाही, परवा पडद्यावर नाव कसं लावायचं ते बघायला ये. पहिल्या पाटीवर येईल, एकट्याचं.

रेडिओ : एकट्याचं?

दिग्दर्शिका : सिनेमात दुसरं आहे कोण?

बायको : चला. किल्ल्या घेतल्या मी. दादा, ताई, येते. आणि ताई, नळवाल्याला पहिल्या खेळाचं तिकीट द्यावं म्हणते मी. त्याला अजून काळजी आहे यांची.

दिग्दर्शिका : द्या, द्या. सावकाश जा.

रेकॉर्डिस्ट : जिन्यात बोलू नका. माइक अजून उघडा आहे.

बायको : बघितलंत, दादांचं शेवटपर्यंत आपलं चालूच. …हं. इथून पुढे नाही ना ऐकू जात? करा सुरू. टॅक्सी मिळेपर्यंत वेळ आहे. महिनाभराचं साठलंय, माहितीये मला. मी कानांची तयारी करूनच निघालेय.

रेडिओ : काही नाही साठलं.

बायको : काहीच नाही?

रेडिओ : काल तू त्या कवळीवाल्या आजोबांचं सांगत होतीस. मधेच दूध उतू गेलं, ते राहिलं.

बायको : हो का? कुठपर्यंत आले होते मी?

रेडिओ : नवी कवळी रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवली. म्हणाले, सुनेला घरी जाऊन एकदम दाखवतो. आणि बसमध्ये बसले.

बायको : हां. बसमध्ये बसले. तर शेजारी एक बाई होत्या…

रेडिओ : मग?